संसारी माणसाचा व्यायाम आणि त्याचे ताट

आजच्या भाषणाचा विषय व्यायाम आणि आहार असा आहे. हे शब्द कानांवर पडताच तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल, ‘झाले! आता हे गृहस्थ आपल्याला पहाटे चारला उठायला सांगणार, कारल्याचा रस प्यायला लावणार आणि वर पूर्वजांचे दाखले देणार.’ तसे काही मी करणार नाही. मी वैद्य नाही, आणि पहिलवान तर नाहीच नाही. महाविद्यालयात शिकवणारा, पंचेचाळिशीला आलेला, दोन मुलांचा बाप असा मी एक साधा संसारी माणूस आहे. माझ्या हातून सुटलेली चांगली सवय परत धरताना मी कुठे चुकलो आणि कुठे सावरलो, तेवढेच तुमच्यापुढे मांडायचे आहे. तुमच्या आणि माझ्या घरात फारसा फरक नसणार. म्हणून माझी चूक तुमच्याही उपयोगी पडेल असे वाटते.

मी राहतो बेलवलीला. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर बदलापूर स्टेशन आहे. त्याच्या पश्चिमेला ही वस्ती. बेलवलीला गाव म्हणायचे ते आता केवळ सवयीने, कारण ते केव्हाच बदलापूर शहरात सामावून गेले आहे. माझ्या लहानपणी इथे भाताची खाचरे होती आणि नदीकडे जाणारी पायवाट होती. आता तिथे सात-सात मजली इमारती उभ्या आहेत. उल्हास नदी मात्र जिथे होती तिथेच आहे. या इमारतींतली निम्मीशिम्मी माणसे रोज गाडीने मुंबईच्या दिशेने जातात. थेट मुंबई गाठायची तर सव्वा ते दीड तास लागतो, आणि परत यायला तेवढाच. बाप घरातून निघतो तेव्हा मुले झोपलेली असतात, आणि तो परततो तेव्हा ती पेंगुळलेली असतात. आई नोकरी करत असेल तर तिची तऱ्हा याहून कठीण, कारण तिला जाण्याआधी आणि आल्यावर स्वयंपाकही चुकत नाही. अशा घरात व्यायामाची गोष्ट काढली की लोक हसतात. मीही हसत असे.

माझे हसू थांबले ते दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. कल्याणला नातेवाइकांकडे जाऊन आम्ही रात्रीच्या गाडीने परत येत होतो. धाकटा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. तो गाडीतच झोपला. त्याला खांद्यावर टाकून मी स्टेशनचा जिना चढू लागलो. अर्ध्या जिन्यावर मला असा दम लागला की कठड्याला धरून उभे राहावे लागले. मागून गर्दी ढकलत होती. माझी मुलगी पाचवीत होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि हळूच विचारले, “बाबा, तुम्हाला आजोबांसारखं होतंय का?”

तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, मधुमेहाने आणि पुढे हृदयविकाराने गेले. शेवटच्या वर्षात त्यांना घराच्या चार पायऱ्या चढतानाही दम लागत असे, आणि ते तिने पाहिले होते. पोर थट्टा करत नव्हती, तिला खरीच भीती वाटली होती. त्या आठवड्यात मी रक्त तपासून घेतले. उपाशीपोटीची साखर निघाली ११८. डॉक्टर म्हणाले, “मधुमेह म्हणावा इतकी नाही, आणि ठीक म्हणावी इतकीही नाही. तुम्ही उंबरठ्यावर आहात. आज गोळी देत नाही, तीन महिने देतो.”

या उंबरठ्यावर मी एकटा उभा नव्हतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेह असलेल्या भारतीयांची संख्या १० कोटींवर आणि उंबरठ्यावरच्यांची साडेतेरा कोटींच्या वर धरली आहे.

तुम्ही म्हणाल, ‘हे जाड्या माणसांचे दुखणे, आम्ही तर सडपातळ.’ मीही सडपातळच आहे. पण आपल्या सडपातळपणावर फार विसंबू नये. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडची माणसे वरून बारीक आणि आतून चरबी साठवलेली अशी असतात, हे त्यांना दाखवायचे होते. त्याची मुळे पार आईच्या पोटापासूनची आहेत. पण राहणीचाही वाटा असतोच. युडकिन जमेल तेव्हा मॅरेथॉन पळत. आपला व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत धावत ती गाठणे, असा विनोद याज्ञिकांच्या बाबतीत त्या लेखातच केलेला होता. तो वाचून मला हसू आले आणि लाजही वाटली, कारण माझाही व्यायाम गाडी पकडण्यापुरताच उरला होता.

आता माझी पहिली चूक सांगतो. डॉक्टरांकडून आलो तो पेटूनच. भारी किमतीचे बूट आणले. पहाटे साडेचारचा गजर लावला. रोज पाऊण तास धावायचे, भात बंद, साखर बंद, तेलकट बंद, असा एकदम निश्चय केला. हा निश्चय किती दिवस टिकला? नऊ! दहाव्या दिवशी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा येऊन पडला, रात्री जागलो, सकाळी उठवले नाही. अकराव्या दिवशी मनाने सांगितले, ‘मोडलेच आहे, आता पुढच्या सोमवारपासून पाहू.’ असे सोमवार वर्षाला बावन्न येतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पण खरी चूक मला माझ्या पत्नीने दाखवली. मी बूट माळ्यावर टाकत होतो तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं एका अर्थी. तुम्ही धावायला गेलात की मुलांना उठवणं, पाणी भरणं, तीन डबे, सगळं माझ्या एकटीवर. तुमचा व्यायाम माझ्या झोपेतून निघत होता.”

श्रोतेहो, या वाक्याने मी जागा झालो. आपण म्हणतो, ‘वेळ काढला पाहिजे.’ पण संसारात रिकामा वेळ कुठे पडलेला नसतो. एकाने काढला की तो दुसऱ्याच्या वाट्यातून निघतो, आणि बहुधा तो घरातल्या बाईच्या वाट्यातून निघतो. म्हणून संसारी माणसाची सवय ही त्याची एकट्याची सवय होऊ शकत नाही. ती घराची सवय झाली तरच टिकते. मला आज सांगायचे आहे ते हेच.

त्या रात्री आम्ही दोघांनी एक कागद घेतला आणि दोघांच्या दिवसाचा हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन दिले, त्यात प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे तरी भरभर चालण्यासारखी मध्यम मेहनत करावी, आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, असे म्हटले आहे. मेहनत एका दमात केली पाहिजे असे नाही. पाच मिनिटे इथे, दहा मिनिटे तिथे, सगळी जमेस धरतात. मग आम्ही शोधू लागलो की दिवसात आधीच असलेली, पण आपण चाकांवर घालवलेली मिनिटे कोणती. संध्याकाळी स्टेशनवरून घरी मी रिक्षाने येत असे. भरभर चालले तर वीस मिनिटे लागतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १२० मिनिटे झाली. रविवारी सकाळी मुलांना घेऊन नदीकडे जाऊन यायचे, चाळीस मिनिटे. एकूण १६०. हिशेब पुरा झाला, आणि गजर एक मिनिटही अलीकडे आणावा लागला नाही. रिक्षाचे पैसे वाचले ते निराळेच.

आता पत्नीचा वाटा. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तीन सकाळी ती अर्धा तास फिरायला जाते, आणि त्या दिवशीचे डबे मी करतो. भाजी रात्रीच चिरून ठेवतो. माझ्या पोळ्या जाड होतात. मुले तक्रार करतात आणि खातात. पुरुष श्रोत्यांना माझे सांगणे आहे की तुम्ही व्यायाम सुरू करण्याआधी पोळी लाटायला शिका. घरात तुमच्या व्यायामाला विरोध उरणार नाही.

चालण्याने, जिने चढण्याने असा काय फरक पडतो, अशी शंका तुमच्या मनात येईल. १९५३ साली लंडनचे डॉक्टर जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दुमजली बसवरच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बसवर दोन माणसे असत. ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसभर वरखाली करणारा, रोज शेकडो पायऱ्या चढणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पत्रे वाटत हिंडणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. आता मुळातच अंगाने बारीक असलेली माणसे कंडक्टर होत असतील का, हाही प्रश्न पुढे मॉरिस यांनी स्वतःच तपासला, आणि त्यात काही तथ्य निघाले. तरीही हालचालीचा हृदयाला फायदा होतो, ही गोष्ट तेव्हापासूनच्या संशोधनाने पक्की होत गेली आहे. त्या कंडक्टरांनी व्यायामासाठी वेगळा वेळ काढला नव्हता. त्यांच्या कामातच तो होता. आपल्याला आपल्या दिवसात तो परत घालायचा आहे.

राहिला स्नायूंचा व्यायाम. कोकणपट्टीत चार महिने पाऊस. बाहेर पडायची पंचाईत. तेव्हा चटईभर जागेत होणारा व्यायाम हवा. इथे मला एक दाखला द्यावाच लागणार. पूर्वजांचे दाखले देणार नाही असे सुरुवातीला सुचवले होते, त्याबद्दल क्षमा असावी.

सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८६८ चा. तरुणपणी, १८९७ साली, त्यांनी युरोपातील प्रसिद्ध व्यायामपटू सँडो यांची उपकरणे आणि पुस्तक मागवले आणि दहा वर्षे तो व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या संस्थानिकांचे पाहून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्या वेळी त्यांचे वय किती होते? चाळीस. १९०९ साली ते गादीवर आले. राज्याचा व्याप वाढला, चित्रकला आणि कीर्तन यांचा छंद होताच, मुलेबाळे होती. पण नमस्कार सुटले नाहीत, कारण त्यांना उपकरण लागत नव्हते, सोबती लागत नव्हता, आणि ते कुठेही घालता येत होते. घरातल्या माणसांनाही त्यांनी त्यात ओढले. संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सुरू केले. १९२८ साली त्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, १९३८ साली लंडनहूनही त्यांचे पुस्तक निघाले. १९५१ साली, बयाऐंशीव्या वर्षी, ते वारले. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, आणि त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले.

ते राजे होते, त्यांच्या घरी डबे करायला माणसे होती, हे मी विसरलेलो नाही. शाळांतली सक्तीही मला स्वतःला फारशी रुचत नाही. पण दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे चाळिशीत सुरू केलेली सवय आयुष्यभर पुरू शकते. दुसरी अशी, की जी गोष्ट बाप मुलांदेखत करतो ती मुलांना सांगावी लागत नाही.

आमच्या घरी आम्ही तीन नमस्कारांपासून सुरुवात केली. होय, तीनच! संध्याकाळी घरी आलो, हातपाय धुतले, की जेवणाआधी चटई अंथरायची. मुलगी मोजते, मुलगा मध्येच लोळतो. दर पंधरा दिवसांनी एक वाढवत आम्ही बारापर्यंत आलो आहोत. वेळ लागतो सहा-सात मिनिटे. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, कंबरेचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल त्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी, आधी डॉक्टरांना विचारावे. चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखले तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. त्यात धाडस दाखवू नये.

आणि हे सगळे रोज बिनचूक होते असे समजू नका. परीक्षा येतात, पाहुणे येतात, गणपतीत मोदक येतात. लंडनच्याच एका विद्यापीठात सवय कशी लागते याचा अभ्यास झाला होता, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९६ माणसांनी रोज एक नवी साधी गोष्ट करायची होती, म्हणजे जेवताना फळ खाणे किंवा थोडे धावणे, अशी. ती विचार न करता अंगवळणी पडायला लागलेला मधला काळ निघाला ६६ दिवसांचा. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागायचे थांबले नाही. माझे नऊ दिवस दहाव्या दिवसाने बुडवले नव्हते. बुडवले ते अकराव्या दिवसाने. तेव्हा एक दिवस चुकला तर स्वतःला शिव्या देत बसू नका. दुसऱ्या दिवशी चटई अंथरा.

आता ताटाकडे वळू. मी आधी सगळेच बंद करायला निघालो होतो, आणि ते टिकले नाही. मग आम्ही बंद करण्याऐवजी जागा बदलायचे ठरवले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत दिवसभराच्या अन्नापैकी वजनाने निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा, आणि एकूण उष्मांकांपैकी धान्यांकडून येणारा वाटा ४५ टक्क्यांच्या वर नसावा, असे सांगितले आहे. आपले ताट पाहा. मध्ये भाताचा डोंगर, त्यावर आमटी, आणि कडेला चवीपुरती भाजी. आम्ही वाटी आणि मूद यांची अदलाबदल केली. भाजीसाठी मोठी वाटी, भातासाठी लहान. वरण-उसळ जाडसर. वाल, कुळीथ, मूग, चवळी यांपैकी काहीतरी रोज, आणि ज्यांना चालते त्यांनी मासे किंवा अंडे. भात बंद केला नाही. कोकणातल्या माणसाला भात सोडायला सांगणे म्हणजे त्याला गाव सोडायला सांगणे.

माझी आई पाऊणशे वर्षांची आहे. आम्ही हा हिशेब करत होतो तेव्हा ती म्हणाली, “यात नवीन ते काय? नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि पावसातला टाकळा, एवढंच तर आम्ही खात होतो. तुम्हालाच बिस्किटं गोड लागली.” म्हातारीचे म्हणणे अगदी खरे आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात सुमारे १२०. मात्र जुने सगळेच चांगले असेही मी म्हणणार नाही. पूर्वीच्या माणसाला पोटभर मिळायची मारामार होती, आणि लोणच्या-पापडांतले मीठ तेव्हाही जास्तच होते.

सर्वांत मोठी चोरी पकडली ती चहात. मी दिवसाला चार चहा घेत असे, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर चाळीस ग्रॅम झाली. पोषण संस्था सांगते, दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी. मी चहाचे दोन कप कमी केले आणि उरलेल्यांत एकेक चमचा. चाळीसचे दहा झाले. पहिला आठवडा चहा काढ्यासारखा लागला, आता दोन चमच्यांचा पाकासारखा लागतो.

दुसरी गोष्ट संध्याकाळच्या भुकेची. संध्याकाळी गाडीतून उतरावे तो स्टेशनबाहेर वडे तळले जात असतात, आणि त्या वासापुढे भल्याभल्यांचे निश्चय वितळतात. निश्चयाने हे सुटत नाही, पोटात काही असेल तर सुटते. म्हणून डब्याबरोबर मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एक पेरू किंवा केळे न्यायचे आणि परतीच्या गाडीत खायचे. वडापाव आम्ही शनिवारी खातो, सगळे मिळून, आणि आनंदाने खातो.

इतका वेळ मी शहरी चाकरमान्याचे गाऱ्हाणे गायले. खेड्यातले श्रोते म्हणतील, ‘मास्तर, आम्ही शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?’ बरोबर आहे. पण दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पुरुषांनी स्वतःला विचारावे, लावणी-कापणीचे दिवस सोडले तर उरलेल्या महिन्यांत आपण किती चालतो? नाक्यावर जायलाही आता मोटारसायकल लागते.

बायकांचे उलट आहे. शेतावर आणि घरात राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगणे ही थट्टा होईल. तिची मोडलेली सवय जेवणाची आहे. सगळ्यांना वाढून, उरलेसुरले, थंड झालेले, उभ्याउभ्या खायचे, ही तिची रीत. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अंगाने अधिक भरलेली होती. ज्यांना अंगमेहनत फार पडे, त्यांची बाळे लहान होती. म्हणजे तिच्या बाबतीत आरोग्याची सवय कोणती? सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसणे, आणि दुपारी घटकाभर पाठ टेकणे. ही सवय ती एकटी लावून घेऊ शकणार नाही. घरातल्यांनी तिच्यासाठी पाट मांडला पाहिजे. पालेभाजी विकतच घ्यायला हवी असे नाही. सांडपाण्यावर अळू येते, कुंपणाला शेवगा येतो, पावसात टाकळा आणि कुरडू आपोआप उगवतात. चार पाने तिच्या ताटात पडू द्या.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती आहे. मुलांना रोज सरासरी एक तास हालचाल हवी, असे तीच जागतिक संघटना सांगते. तेव्हा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी कवायतीचा तास गणिताला देऊ नका. मी शिक्षकच आहे, हा मोह मला ठाऊक आहे. त्या तासाला खुर्ची टाकून बसू नका, मुलांबरोबर मैदानाला दोन फेऱ्या घाला. आणि वाढदिवसाला चॉकलेटांऐवजी बोरे, चिक्की, पेरू आणायची प्रथा वर्गात पाडून पाहा. आमच्या बदलापूरची जांभळे नावाजलेली आहेत. शाळा उघडते तेव्हा त्यांचा हंगाम सरत आलेला असतो. त्या दिवसांत ज्यांचा वाढदिवस येतो त्या मुलांची चैन आहे.

माझे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तीन महिन्यांनी साखर १११ आली, आठ महिन्यांनी १०४. उंबरठ्यावरून मी अजून पुरता आत आलेलो नाही. पण बाहेर पडलो नाही, हेही कमी नाही. डॉक्टरांनी अजून गोळी दिलेली नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासणीचे बंधन घातले आहे, आणि ते मी पाळतो.

परवा आम्ही पुन्हा रात्रीच्या गाडीने आलो. मुलगा आता सात वर्षांचा, चांगलाच जड झाला आहे. तो झोपला नव्हता, पण झोपल्याचे सोंग करून खांद्यावर चढला. मी जिना चढलो. वर पोहोचल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि पुढे चालू लागली. घरी येऊन तिने चटई अंथरली. साडेदहा वाजून गेले होते. मी म्हटले, “अगं, आज राहू दे.” ती म्हणाली, “कालपण राहिले होते, बाबा.”

त्या रात्री आम्ही तीनच नमस्कार घातले. तुम्हीही आज तिनानेच सुरुवात करा, आणि मुलांदेखत करा.